ईशूचं पोट आणि माझे कोंड्याचे लाडू

या लेखात संडास हा शब्द पुष्कळ वेळा येणार आहे. जेवताना वाचायची सवय असेल तर आधी जेवून घ्या, मग या. नाक मुरडून 'पोटाची तक्रार' वगैरे लिहिणं मला जमणार नाही. वर्षभर आमच्या घरात दुसरा विषयच नव्हता. नवरा दुकानातून फोन करायचा तो 'जेवलीस का' विचारायला नव्हे, 'झाली का' विचारायला. कुणाला आणि काय, हे सांगायची गरज नसायची.

ईशू माझी मुलगी, तेव्हा पहिलीत होती. आम्ही कोल्हापुरात राहतो. नवरा संदीप, त्याचं शाहूपुरीत गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. मी घरी ब्लाउज शिवते. सासू-सासरे आमच्याजवळच. सासूला आत्या आणि सासऱ्यांना मामा म्हणायची आमच्यात पद्धत आहे, आणि ईशूचे ते आबा. एवढीच माणसं, आणि घरात संडास एकच. वर्षभर त्या दारावर सगळ्यांचे डोळे लागलेले असायचे.

मी लिहितेय ते ज्या आया आत्ता असल्याच एखाद्या दाराबाहेर कान लावून उभ्या आहेत त्यांच्यासाठी. बायांनो, ही लाज तुमची नाही आणि लेकराचीही नाही. मला हे कुणी वेळेवर सांगितलं असतं तर मी त्याचे पाय धरले असते.

*

सुरुवात शाळेच्या संडासापासून झाली. कडी मोडलेली, नळाला पाणी असलं तर असलं. ईशू घरी येईपर्यंत आवरून धरायला लागली. मी म्हणायचे, शहाणी आहे माझी पोरगी, बाहेर कुठं बसत नाही. कौतुक करत होते हो मी!

मग एका सकाळी तिला इतकी कडक झाली की रक्त आलं. ती अशी किंचाळली की शेजारची बाई ओलं फडकं हातात घेऊन धावत आली. त्या दिवसापासून ईशूनं मनाशी ठरवलं की आता शी करायचीच नाही. सहा वर्षांच्या पोरीचा हट्ट तो, पण आम्ही चार मोठी माणसं त्यापुढं हरलो.

लागली की ती कपाट आणि भिंतीच्या मधल्या फटीत जाऊन उभी राहायची. टाचा उचललेल्या, पाय एकमेकांत घट्ट, तोंड लालबुंद. आम्ही बाहेरून ओरडायचो, "लाव, लाव जोर, येतेय!" आत्या तर टाळ्या वाजवायच्या. दहा मिनिटांनी ती घामेघूम होऊन बाहेर यायची आणि म्हणायची, "गेली."

*

आता माझा स्वभाव सांगायला हवा. मी एखादी गोष्ट हातात घेतली की अर्धी सोडत नाही. मोबाइलवर ज्याला त्याला एकच सांगायचं होतं, मुलांच्या खाऊत फायबर घाला. झालं! मी घालायला घेतलं.

गव्हाच्या कोंड्याचे गूळ घालून लाडू केले. धपाट्यात जवस, थालीपिठात जवस, शेंगदाण्याच्या चटणीत जवस. नाचणीच्या बिस्किटांत ओट्स आणि ओट्समध्ये पुन्हा कोंडा. रात्री दुधातून इसबगोल. पोरीनं एकदा विचारलं, "आई, आज साधा चिवडा मिळंल का?" मी चिवडा दिला, पण त्यातही भाजलेला जवस होताच.

गंमत बघा. आत्यांना चपाती पांढरी लुसलुशीत लागते, म्हणून आमच्यात गिरणीतून आलेलं पीठ बारीक चाळणीनं चाळून कोंडा कोंबड्यांसाठी शेजारी द्यायचा. आणि मी दुकानातून पाकिटातला कोंडा आणून पोरीला घालत होते. कोंबड्यांची पोटं तेवढी व्यवस्थित होती.

आणि दूध. कोल्हापूरच्या माणसाला दुधाविषयी काही बोलायची सोय नाही. आमच्या इथं संध्याकाळी दूधकट्ट्यावर म्हशी उभ्या असतात आणि समोर धार काढून फेसाळता पेला हातात देतात. मामांची ईशूला घेऊन तिथं जायची रीतच होती. ती चालायला लागली तेव्हापासूनची. एक पेला आबांचा, एक नातीचा, आणि पोरीनं मागितला तर आणखी एक. पांढऱ्या मिशा घेऊन घरी यायची आणि रात्री जेवायला नको म्हणायची. पोट कडक झाल्यावर तर मामांनी पेले वाढवले. "दुधानं आतडं वलं व्हतंय," म्हणायचे. "आमच्यात चार पिढ्या दुधावर वाढल्यात, कुणाला काय झालंय?"

पाणी मात्र ती पीत नव्हती. शाळेची बाटली भरलेली जायची, भरलेली परत यायची. पाणी प्यायलं की शाळेत त्या कडी नसलेल्या दारात जावं लागेल, एवढं तिला कळत होतं. आम्हाला वाटायचं, एवढं दूध पोटात जातंय, पाण्याचं काय एवढं? एकीकडून कोंडा आणि दुसरीकडून दूध, असा आमचा दोघांचा उपचार चालू होता. सासरा-सुनेचं इतकं एकमत आमच्या घरात त्याआधी कधी झालं नव्हतं.

*

महिन्याभरात तिचं पोट नगाऱ्यासारखं झालं. जेवण सुटलं. आणि एक दिवस शाळेतून फोन आला की ईशूची चड्डी खराब झालीय, घेऊन जा.

मला आनंद झाला! खरं सांगते. म्हटलं, सुटली एकदाची. फायबर लागू पडलं.

पण दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. पातळ, थोडंथोडं, तिच्या नकळत. आत्या म्हणाल्या, "आता हगवण लागली की गं पोरीला. तुझं भुसकट बाधलं." त्यांनी जायफळ उगाळून चाटवलं. मी डाळिंबाची साल उकळून दिली. बद्धकोष्ठाच्या पोरीला आम्ही वरून जुलाब बांधायचं औषध देत होतो, पण हे तेव्हा कुणाला ठाऊक!

शाळेच्या बाईंनी गोड आवाजात सांगितलं की बरी होईपर्यंत घरीच राहू दे, बाकीच्या मुलांना त्रास होतो. त्रास म्हणजे वास. वर्गातल्या पोरींनी तिला चिडवायला एक नाव ठेवलं होतं. ते मी इथं लिहिणार नाही.

मग आम्ही दोघी घरात अडकलो. ती फटीत, मी मशीनवर. लग्न नाही, बारसं नाही, माहेर हातकणंगल्याला, अर्ध्या-पाऊण तासावर, तिथंही नाही. कुणी बोलावलं की मी म्हणायचे, शिलाईचं काम फार आहे. गिऱ्हाईक मापाला आलं की मी आधी उदबत्ती लावायचे. बाई म्हणायची, "वा, किती प्रसन्न घर!" आणि मला तिच्या अंगावर कात्री फेकावीशी वाटायची.

आणि मी पोरीला मारलं सुद्धा. एकदा नव्हे. नवी गादी खराब केली म्हणून मारलं, आणि ती रडत म्हणाली, "मला कळलंच न्हाय गं आई." मी म्हटलं, खोटं बोलू नको. ती खरं बोलत होती.

संदीप घरी आला की जेवून गच्चीत जायचा. एकदा मी म्हटलं, तूही जरा बघ की. तो म्हणाला, "तूच सगळं वाचतीस मोबाइलवर. तुझंच ते भुसकट." मी म्हटलं, आणि तुझ्या बापाचं दूध? त्या दिवशी घरात भांड्याला भांडं लागलं नाही, फुटलंच. ईशू कपाटामागून ऐकत होती.

*

एका सकाळी ती पित्त ओकली आणि पोट धरून गडाबडा लोळायला लागली. मग मात्र रिक्षा केली आणि आम्ही सगळे, मामा-आत्यांसकट, मुलांच्या डॉक्टरबाईंकडे गेलो.

बाईंनी पोट दाबलं. माझा हात धरून त्याच जागी ठेवला. आत दगड. पोटाच्या डाव्या अंगाला, खालपासून बेंबीपर्यंत. मला वाटलं गाठ आहे. मनात जो शब्द आला तो मी उच्चारलाही नाही.

"गाठ नाही," बाई म्हणाल्या, माझं तोंड बघूनच. "शी आहे. साचलेली. आणि जे पातळ येतंय ते जुलाब नाहीत, या खड्याच्या कडेकडेनं झिरपतंय. तिला कळतच नाही कधी आलं ते."

मी ईशूकडं बघितलं. ती डॉक्टरबाईंकडं बघत होती, डोळे मोठे करून. तिच्या बाजूनं बोलणारं पहिलं माणूस तिला भेटलं होतं.

मग मी सांगितलं की ती जोर लावते, फटीत उभी राहून, पण होत नाही. बाईंनी मान हलवली. "ती जोर लावत नाही हो. ती अडवतेय. टाचा उचलून, पाय आवळून. भीतीनं."

आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो.

"खायला काय देता?" मी सगळं सांगितलं. लाडू, जवस, ओट्स, इसबगोल. थोड्या अभिमानानंच सांगितलं, खोटं कशाला बोलू. त्यांनी विचारलं, "आणि पाणी?" मामा पुढं सरकले. "दूध पितीया की डॉक्टर. कट्ट्यावरचं, म्हशीचं. दोन पेलं सकाळ-संध्याकाळ, कधी तीन. कसूर न्हाय त्यात."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, "आबा, मोरी तुंबली तर वरनं आणखी भुसा टाकता का? कोंडा वाईट नाही, पण त्याला पाणी लागतं. पाणी मिळालं नाही की तो तिथंच बसतो. आणि एवढ्या दुधानं काही मुलांचं पोट आणखी घट्ट होतं, जेवायला भूक राहत नाही ते वेगळंच. आधी तुंबलेलं काढू. मग फायबर." दूध दिवसाला एक कप, असं त्यांनी सांगितलं.

मामांचा चेहरा असा पडला की जणू कुणी त्यांच्या आईला नावं ठेवली. ते बाहेर जाऊन बाकावर बसले.

*

दवाखान्यात आम्ही तीन-चार दिवस होतो. नाकातून नळी घालून पोटात औषधाचं पाणी सोडायचं, आणि वाट बघायची. खालूनही औषध दिलं. नळी घालताना ईशूनं माझ्याकडं जे बघितलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. चार जणांनी धरली होती तिला. त्यातली एक मी.

सकाळी सिस्टर यायच्या, चादर बदलायच्या, पोट मापायच्या. मग डॉक्टरांचा राउंड, मग पुन्हा ते पाणी. बारा बाय दहाची खोली, दोन खाटा, खिडकीला जाळी. बाहेर चहाचा गाडा दिसायचा आणि मला त्या चहावाल्याचा हेवा वाटायचा. तो मनात येईल तेव्हा गाडा ढकलून कुठंही जाऊ शकत होता.

शेजारच्या खाटेवर हुपरीच्या शबानाभाभी होत्या, मुलीला न्यूमोनिया झालेला. त्यांच्या घरी चांदीचे पैंजण करतात, विस्तवावर कड्या जोडायचं काम त्या स्वतः करतात. बोटांवर भाजल्याच्या खुणा होत्या. पहिल्या दिवशी औषध लागू पडलं तेव्हा ईशूला संडासापर्यंत जाता आलं नाही. खाट, जमीन, माझी साडी, सगळं. वॉर्डबॉय नाक दाबून दारात उभा. मी जागच्या जागी थिजले, आणि ईशू थरथर कापत "सॉरी, सॉरी" म्हणत होती.

भाभी उठल्या. आपली ओढणी काढून दोन्ही हातांनी पडद्यासारखी धरली, ईशूला आडोसा केला. आणि मोठ्यांदा म्हणाल्या, "अगं सॉरी कशाला? याचसाठी तर इतके पैसे भरलेत तुझ्या बापानं! शाब्बास की गं! आणखी हाय का? येऊ दे, येऊ दे!"

ईशू आधी दचकली. मग हसली. किती महिन्यांनी हसली असेल. मी मात्र तिथंच खाली बसून रडले, घाणीत.

भाभींनी मला एकच गोष्ट सांगितली. "चांदी वितळायच्या आधी घाई केली तर जोड मोडतो. पोरीला घाई करू नका." मी त्यांना म्हटलं, सांगणं सोपं आहे. त्या म्हणाल्या, "व्हय, सोपंच हाय. म्हणून तर सांगतेय." मला तेव्हा राग आला होता. आता येत नाही.

*

घरी आल्यावर सगळं छान झालं, असं लिहिलं असतं तर लेख इथं संपला असता. तसं झालं नाही. खडा पोटातून निघाला, पण मनातली भीती काही निघाली नव्हती. रोज पाण्यातून औषधाची पावडर द्यायची, ती कित्येक महिने. जरा बरं वाटलं म्हणून मी मध्ये आपल्या मनानं बंद केली, आणि आठवड्यात ईशू पुन्हा फटीत उभी. डॉक्टरबाईंनी फोनवर झापलं. झापायलाच हवं होतं. तुम्ही तसं करू नका.

जेवण झालं की संडासात बसायचं, पायाखाली पाट घेऊन, झाली तरी बसायचं, नाही झाली तरी बसायचं. पण ती आत जायलाच तयार नाही. दाराला धरून किंचाळायची. ती दारात, मी तिच्यामागं, दोघी रडतोय. एकदा मला वाटलं, हे असंच चालणार, ही दहावीला जाईल आणि मी याच दाराबाहेर उभी असेन.

मामा कट्ट्यावर जायचे बंद झाले होते. एकटं काय जायचं, म्हणायचे. घरात कुणाशी बोलत नव्हते. मला वाटायचं, माझ्यावर राग आहे. एक दिवस ईशूचं दारातलं रडं चालू असताना ते उठले, प्लास्टिकचं स्टूल उचललं, आणि संडासाच्या दाराबाहेर नेऊन बसले.

"ईशे, आत बस. मी हितं हाय. मी तुला आमच्या म्हशीची गोष्ट सांगतो. म्हस लै हट्टी व्हती..."

त्या म्हशीनं पुढं काय काय केलं विचारू नका. ती विहिरीत पडली, ती पोहली, तिनं सरपंचाचं धोतर खाल्लं. रोज जेवणानंतर गोष्ट. आतून ईशू विचारायची, "मग?" आणि विसरून जायची की ती कुठं बसलीय. एकदा आतून "आबा, थांबा, थांबा!" असा आवाज आला, आणि मग प्लॉप. मामा स्टुलावरून उठून आत्यांना शोधत स्वयंपाकघरात गेले. "झाली! न रडता झाली!" आत्यांनी त्यांच्या तोंडात गूळ घातला. पोरगी पास झाल्यासारखं.

त्या संध्याकाळी मामा मला म्हणाले, "पोरी, मी तिला मायेनं पाजलं गं." मी म्हटलं, "मामा, मीबी मायेनंच चारलं."

खाऊत फायबर परत आलं, पण बेताबेतानं. पीठ चाळायचं बंद केलं. आत्या कुरकुरल्या, मग खायला लागल्या, आता म्हणतात की हीच चपाती चवीला बरी. बियांसकट पेरू, मोड आलेली मटकी, भाजी, शेवग्याच्या शेंगा. लाडू करते, पण एक, आणि त्याच्यासोबत तांब्याभर पाणी समोर. शाळेत जाऊन संडासाच्या दाराला कडी बसवून घेतली. बाईंशी भांडले, मोठ्यांदा भांडले, कोल्हापुरी भांडले. पोरगी शाळेत परत गेली. पण बाहेरगावी कुठंही जायचं म्हटलं की माझ्या पोटात गोळा यायचा. तिच्या नव्हे, माझ्या.

*

गेल्या महिन्यात धाडस केलं. हातकणंगल्याला आईकडं निघालो, दोघीच, एस.टी.नं. वर्षानंतरचं माहेर. पर्समध्ये चड्ड्या, टॉवेल, पिशव्या. निघायच्या आधी तिला संडासात बसवलं, झाली नाही. मी मनात म्हटलं, देवा, तेवढा रस्ता जाऊ दे.

गाडी खच्चून भरलेली. शहर मागं टाकलं आणि ईशू चुळबुळायला लागली. मी तिच्या पायांकडं बघितलं. तिनं टाचा उचलल्या होत्या. म्हटलं, आता आवळणार, आता तोंड लाल होणार, आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून.

मी हळूच म्हटलं, "बाळा, जरा धरशील का? आलंच आता."

हे मी म्हटलं. मीच!

ईशूनं माझ्याकडं बघितलं, टाचा खाली टेकवल्या, आणि सीटवर उभी राहिली. "ओ काका! गाडी थांबवा! मला शी लागलीया, आणि मी धरणार न्हाय!"

माझा हात तिच्या तोंडावर जाता जाता थांबला. मग मागून कुणीतरी ओरडलं, "अवो पावणं, थांबवा की गाडी! पोरगं कळवळतंय!" कंडक्टरनं दोरी ओढली. रस्त्याकडेला एक घर होतं, अंगणात एक बाई मिरच्या वाळत घालत होती. मी काही बोलायच्या आत ईशूनंच तिला विचारलं. बाई म्हणाली, "जा की बाळा, मागं हाय. पानी बादलीत हाय."

ईशू आत गेली. तिनं कडी लावली. आतून. मला म्हणाली, "तू लांब उभी राहा."

मी अंगणात उभी. गाडी रस्त्यावर घरघरत उभी, सगळ्या खिडक्यांतून डोकी बाहेर. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. आतून माझ्या पोरीचा आवाज आला, खणखणीत:

"आई, त्यास्नी सांग, मला घाई न्हाय!"

मी रस्त्यापर्यंत गेले आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "तिला घाई न्हाय! थांबा जरा!"

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं.